जळकं ऑइल

गाडीच्या डॅशबोर्डच्या खणातून पल्लवीनं एकेक करून एकोणीस वस्तू काढल्या आणि बॉनेटवर ओळीनं मांडल्या. टोलनाक्याच्या सात पावत्या, त्यांतल्या पाच उन्हानं कोऱ्या झालेल्या. दोन लग्नपत्रिका. गॉगलची एक काडी. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची पट्टी, तिच्यात चार शिल्लक. कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या तीन किल्ल्या. एक अडकित्ता, तंबाखूची रिकामी पुडी, पंक्चरवाल्याची चिठ्ठी, लहान मुलीची हिरवी बांगडी, आणि गाडीचं नोंदणीकार्ड ठेवायचं प्लास्टिकचं पाकीट. पाकिटात कार्ड होतं. सर्व्हिस बुक नव्हतं.

तिनं पुन्हा हात घालून खणाचे कोपरे चाचपले. बोटांना धूळ लागली. ती लालसर होती, आणि इथली, मानोऱ्याची माती काळी. तिनं वहीत तेवढं टिपून ठेवलं.

"काय म्याडम, सोनं सापडलं का?" कडुलिंबाखालच्या बाजेवरून हरिसिंगनं विचारलं.

"पुस्तक पाहून राह्यली काका. सर्व्हिसचं."

"ते पोरीच्या लग्नात गेलं. घर झाडून काढलं तवा सारंच गेलं. पितळेचं घंगाळ गेलं, तिथी पुस्तकाचं काय घेऊन बसल्या."

गाडी तेरा वर्षांची, परदेशी बनावटीची, काळी. चारही चाकांना इंजिनाचा जोर, चामड्याच्या सीटा, छताला सरकणारी काच. एके काळी अशी गाडी रस्त्यानं गेली की हॉटेलात बसलेली माणसं चहा थांबवून वळून पाहत. आता तिच्या टपावर एक कोंबडी बसली होती आणि ती तिथं नेहमीच बसत असावी, असं टपावरच्या खुणांवरून दिसत होतं.

हरिसिंग ऊसतोडीचा मुकादम. वीस वर्षं त्यानं आसपासच्या तांड्यांवरून तोडणीच्या टोळ्या जमवल्या आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांवर नेल्या. या दिवाळीला त्याच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं, टोळ्या दुसऱ्या मुकादमाकडे गेल्या आणि गाडी दारात थांबली. जानेवारी असल्यानं तांड्यावरच्या निम्म्या घरांना कुलपं होती. उरलेल्या घरांतली म्हातारी माणसं उन्हात बसून ही शहाणी पोरगी गाडीचं काय करते आहे ते पाहत होती.

शहाण्या पोरीची अडचण वेगळी होती. पल्लवी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मंगरूळपीरला परत आली, त्याला दोन वर्षं झाली होती. मानोरा तालुक्यातल्या बासष्ट गावांच्या आणि तांड्यांच्या विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि वाशिमच्या एका प्रयोगशाळेत पोचवायचं, असं काम तिनं करारानं घेतलं होतं. बाटली भरल्यापासून सहा तासांच्या आत ती प्रयोगशाळेच्या टेबलावर असली पाहिजे. सहा तासांनंतर पाण्यातले जंतू वाढतात, मोजणी खोटी ठरते आणि बाटली मोरीत ओतावी लागते. गेल्या भाद्रपदात भाड्याची जीप काळ्या मातीत आसापर्यंत रुतली आणि अकरा बाटल्या ओताव्या लागल्या. प्रयोगशाळेनं पत्र पाठवलं होतं. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं.

नवी चारचाकी ओढीची गाडी घेणं तिच्या आवाक्यात नव्हतं. ही होती, कारण जिल्ह्यातले बहुतेक मेकॅनिक तिचं बॉनेट उघडायला धजत नव्हते आणि म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हतं. मोबाईलवरचा फोटो पाहून पल्लवीचा भाऊ प्रसेनजित हरखून गेला होता. वडील पुंजाजी मात्र हरखले नाहीत. एस.टी. आगारात त्यांची तीस वर्षं कारकुनी झाली होती. जिचे कागद नाहीत तिच्यात बसू नको, एवढंच ते म्हणाले. कागद नसले तरी बाकीच्या वस्तू काही बोलतात का ते आधी पाहते, असं सांगून ती निघाली होती आणि वाट वाकडी करून वाशिमकडच्या मालेगावहून रवीला बरोबर घेतलं होतं.

रवी मेकॅनिक होता आणि अशा गाड्यांना हात लावणारा जिल्ह्यातला बहुधा एकटाच. तो पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरला होता. आतून त्याचा आवाज आला.

"पल्लवीताई, इंजिन सुकं हाये. गळती नाई. कोणीतरी जीव लावला हिच्यावर."

"मंग अडचण काय?"

"अडचण एकच. पट्टा."

तो बाहेर आला, हात पुसले आणि तिला समजावून सांगू लागला. इंजिनाच्या आत एक दातेरी रबरी पट्टा असतो. तो तुटला की इंजिनातले वरचे भाग आणि खालचे भाग एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. या गाडीच्या पट्ट्याचं आयुष्य एक लाख चाळीस हजार किलोमीटर. बाहेरून तो दिसत नाही, उघडायचा तर पुण्याहून सामान आणि दोन दिवस. म्हणून तो शेवटचा कधी बदलला हे सर्व्हिस बुकात पाहायचं असतं, आणि तेच नेमकं लग्नात गेलं होतं.

"मीटर काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"एक लाख बारा हजार सहाशे चाळीस."

"मंग कंपनीचाच पट्टा असन तरी सत्तावीस हजार अजून जाईन. मीटर खरं असन तं." शेवटचं वाक्य त्यानं आवाज खाली आणून म्हटलं.

पल्लवीनं दार उघडून ब्रेकच्या पायदानाकडे बोट केलं. त्याच्यावरचं रबर उजव्या कोपऱ्यात झिजून खालचं लोखंड चकाकत होतं. रवीनं वाकून पाहिलं, ओठ बाहेर काढले.

"हे लाखाचं रबर वाटत नाई."

"एका रबरावरून काय सांगता येते?" ती म्हणाली. "डायवरचा बूटच तसा असन."

"अशी गाडी म्हणजे सासुरवाडीचा पाव्हणा ताई. नीट वागली तं अंगणाले शोभा. रुसली तं सारं घर पळते तिच्या मांगं."

ती हरिसिंगच्या बाजेजवळ गेली. तिनं आडून काही विचारलं नाही. गाडी कुणाकडून घेतली, तेव्हा किती चालली होती, तेल किती दिवसांनी बदलायचे, एवढं सरळ विचारलं. हरिसिंगनंही सरळ सांगितलं. दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका डॉक्टरकडून घेतली, तेव्हा एक्केचाळीस हजार झाली होती. मीटरजवळ तेलाचा लाल दिवा लागला की तेल बदलायचं. त्याचा भाचा बादल गाडी चालवायचा आणि तोच इथं, या झाडाखाली, तेल बदलायचा. आता तो पुण्याला नोकरीला होता.

"बिलं असतीन ना मंग?"

"घरी तेल बदललं तं बिल कोण फाडन? मी मलेच?"

रवी हसला. तो दिवा दर दहा हजार किलोमीटरला लागतो, तसं गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच बसवलेलं आहे आणि आपण आताच आपल्या यंत्रावर ते पाहिलं, असं त्यानं सांगितलं. पल्लवीनं दहा हजार हा आकडा वहीत लिहिला. मग तिला दुसराच प्रश्न पडला, आणि तो गाडीचा नव्हता. पंधरा पावलांवर तांड्याची विहीर होती. मागच्याच महिन्यात तिनं तिच्यातून बाटली भरून नेली होती.

"काका, एका खेपेले किती तेल निघे?"

"आठ लिटर."

"अन् ते जुनं तेल कुठी टाकत होते?"

हरिसिंगनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. असला प्रश्न त्याला कुठल्या गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

"ते मले काय माहीत बाप्पा. जळकं ऑइल म्हणजे हिचं खातं," तो म्हणाला आणि दाराकडे मान हलवली.

दारात त्याची बायको रामीबाई उभी होती. साठीची असावी. कोपरांच्या वर पांढरे चुडे, कपाळावर गोंदण, आणि हातात चहाचं पातेलं उतरवायचा फडका. ती बराच वेळ तिथं उभी असावी. तिनं फडका खांद्यावर टाकला आणि पल्लवीला म्हणाली, "चाल, दाखवतो तुले. मायं तेल मी विहिरीत नाई सोडलं."

घरामागं एकरभर संत्र्याचा बगीचा होता. झाडं दहा-अकरा वर्षांची, फळ बरंचसं उतरवलेलं. बगीच्याभोवती लाकडी खांबांचं कुंपण होतं आणि खांबांना तारेचे तीन पदर. खांब जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळेभोर आणि त्याच्या वर लाकडाच्या आपापल्या रंगाचे होते. जणू सगळ्यांनी एकसारखे मोजे घातले होते.

रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं बगीच्यात शिरतात, तार असली तरी खांब पोकळ झाला की धक्क्यानं पडतो, आणि काळ्या मातीत खांबाचा बुंधा उदई दोन वर्षांत खाऊन टाकते, असं रामीबाईनं चालता चालता सांगितलं. तिनं एका खांबाजवळची माती पायानं उकरून दाखवली. आतलं लाकूड कडक होतं. जळकं ऑइल लावलं की उदई त्याला तोंड लावत नाही. वाळवीबद्दल पल्लवीनं पुस्तकात जे वाचलं होतं, त्याच्यापेक्षा हे स्पष्ट होतं. तेल कसं लावता, ब्रशनं की फडक्यानं, असं तिनं विचारलं.

"लावून काय होते? वरच्या वरच राह्यते. बुडवावं लागते."

खाण्याच्या तेलाचा पंधरा लिटरचा चौकोनी डबा असतो, त्याचं वरचं तोंड कापायचं. त्यात गाडीचं काढलेलं तेल ओतायचं आणि चार खांब उभे करायचे. चारच बसतात, पाचवा बसत नाही. चार बसले की तेल वर चढतं आणि बुंधे वीतभर बुडतात. आठ दिवस तसेच ठेवायचे. मग उरलेलं तेल फडक्यानं गुडघ्यापर्यंत चोळायचं आणि खांब पुरायचे. डबा संपला. पुढचे चार पुढच्या तेलाला.

पल्लवी थांबली. तिनं मनातल्या मनात डब्याची लांबी-रुंदी धरली, चार गोल बुंध्यांचं क्षेत्रफळ वजा केलं, आठ लिटरला भागलं. वीतच आली. तिला उगाचच आनंद झाला.

"मंग हे सारे खांब याच तेलातले?"

"सारे. दुसरं तेल आणू कुठून?"

"कोणाले देलं नाई कधी?"

"मायं तेल मी कोणाले देलं नाई. बुढ्यानं बैलगाडीच्या आसाले मांगलं, त्याले बी नाई देलं."

"अन् सडला एखादा? बदलला?"

"एक बी नाई."

फाटकाच्या डाव्या हातापासून रामीबाई चालू लागली आणि पल्लवी वही उघडून तिच्या मागं. चार-चारांचे गट ओळखू येत होते, कारण एका खेपेचे चारी खांब एकाच झाडाचे असत. चार बाभळीचे, चार कडुलिंबाचे, पुन्हा चार बाभळीचे, मग चार सागाचे आणि त्यांच्यापुढं चार वाकडे, ज्यांचं झाड रामीबाईला ओळखता आलं नाही. त्यावरून तिला स्वतःचंच हसू आलं. पहिले चार गाडी आली त्या दिवाळीचे होते. दुसरे चार नात, थोरल्या लेकीची मुलगी, झाली तेव्हाचे. वैभवी जन्मली त्या आठवड्यात खांब डब्यात उभे होते आणि घरभर त्या तेलाचा वास होता, म्हणून बाळंतीण चिडली होती. कापसाला बोंडअळी लागली त्या वर्षीचे तीन गट. मोठ्या मुलाच्या, मोहनसिंगच्या लग्नाच्या वर्षीचे तीन. एका गटाजवळ ती नुसतीच थांबली आणि पुढं गेली.  पल्लवीनं वहीत त्या चारांपुढं जागा कोरी ठेवली.

मागच्या बांधाला वळल्यावर रामीबाई म्हणाली, "हे लाकडाऊनचे."

त्या वर्षी गाडी दारातच उभी राहिली असणार, एखादाच गट असेल, असं धरून पल्लवीनं पेन्सिल पुढं नेली. रामीबाईनं हातानं लांबवर दाखवलं. पाच गट होते. वीस खांब.

"पाच? समद्यात जास्ती?"

"टोळी तिकडं कारखान्यावर अटकून पडली ना वं. घरी परत येवाले ना टरक ना गाडी. बुढ्यानं पास काढला अन् आणत राह्यला. एका खेपेत आठ माणसं, नऊ माणसं. आंधी बाळंतिणी, मंग लेकरं, मंग म्हातारे. जाणं पाचशे, येणं पाचशे. बादल मांगं झोपे अन् हा चालवे, मंग हा झोपे अन् बादल चालवे. त्यातच गेले याचे गुडघे." ती तार ओढून पाहत होती. "तवाच्या मानानं खांब चांगले सापडले. झाडं तोडाले कोणी रानात येत नोतं."

पल्लवीनं लिहिलं. वीस खांब, तेलाच्या पाच खेपा. चामड्याच्या सीटांवर तिनं सकाळी पाहिलेले डाग तिनं दुसऱ्या पानावर लिहिलेले होते. त्यांच्यापुढचं प्रश्नचिन्ह तिनं खोडलं.

फाटकाच्या उजव्या हाताशी दोघी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि सावल्या संत्र्यांच्या बुंध्यांपासून निघून कुंपणापर्यंत आल्या होत्या.

"किती झाले?" रामीबाईनं विचारलं.

"एकशे चोवीस."

"उलटीकडून मोज एकदा. मी चहा ठेवतो."

ती आत गेली. आपल्याला कुंपणाचं कौतुक दाखवलं की आणखी काही, याचा पल्लवी क्षणभर विचार करत राहिली. मग उलट दिशेनं मोजत गेली. एकशे चोवीस. भागिले चार, एकतीस.

फाटकाशी ती खाली बसली आणि मांडीवर वही घेतली. गाडी आली तेव्हा एक्केचाळीस हजार. पहिला दिवा पन्नास हजाराला लागला असणार, आणि त्यानंतर दर दहा हजाराला. एकतिसावा दिवा साडेतीन लाखांना. बत्तिसावा अजून लागलेला नाही. म्हणजे गाडी साडेतीन लाख आणि तीन लाख साठ हजार यांच्या मध्ये कुठं तरी आहे. तिनं लिहिलं: तीन लाख पंचावन्न हजार, अधिक-उणे पाच हजार. त्याच्याखाली तिनं मीटरचा आकडा लिहिला, एक लाख बारा हजार सहाशे चाळीस. 

आता सत्तावीस हजारांचा हिशोब गेला होता. पट्टा किती जुना, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो उद्या तुटला असता किंवा आज, मंगरूळपीरच्या वाटेवर. आणि पुढच्या पावसात मागच्या सीटवर बर्फाची पेटी असताना तुटला तर बाटल्यांबरोबर कामही गेलं असतं. उठण्यासाठी तिनं फाटकाला धरलं. फाटक करकरलं नाही, मऊ हललं. त्याला लोखंडी बिजागऱ्या नव्हत्या. वर एक आणि खाली एक, अशा रबराच्या दोन जाड पट्ट्यांनी ते खांबाला बांधलेलं होतं. तिनं बोट फिरवलं. आतल्या बाजूला दाते होते.

रवीला तिनं हाक मारली. तो फाटकाशी उकिडवा बसला, पट्टीवर थुंकी लावून अंगठ्यानं घासलं आणि खालचा छापील क्रमांक वाचला. मग वरची पट्टी तशीच घासली.

"याच गाडीचे हायेत. दोन्ही." त्यानं डोकं खाजवलं. "म्हणजे पट्टा दोन खेपा बदलला. एक लाखाच्या गाडीचा पट्टा दोन खेपा कायले बदलन कोणी?"

 पल्लवी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेली आणि रामीबाईला विचारलं, फाटकाची वरची पट्टी कधी बांधली. रामीबाईनं चहा गाळता गाळता सांगितलं. खालची मोहनसिंगच्या लग्नाच्या वर्षी. वरची नंतर, बांधावरच्या आंब्याखालचे चार खांब पुरले त्याच दिवशी. बादलनं पुण्याहून पट्टा बदलून आणला आणि जुना अंगणात फेकला, तो तिनं उचलून आणला.

आंब्याखालचे चार वहीत चोविसाव्या क्रमांकावर होते. चोविसावा दिवा म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. त्यात एक लाख चाळीस हजार मिळवले की चार लाख वीस हजार. पट्ट्याला अजून पासष्ट हजार होते, थोडं इकडे-तिकडे. खोट्या मीटरवरून निघत होते त्याच्या दुपटीहून जास्त.

तिला हसू आलं आणि ते तिनं दाबलं नाही.

चहा झाला. गाडी मी घेते, असं तिनं सांगितल्यावर हरिसिंग बाजेवर सरसावून बसला आणि म्हाताऱ्यांच्या ओळीत कुजबुज झाली. तिनं पिशवीतून विक्रीचा छापील कागद काढला आणि मांडीवरच्या वहीवर ठेवून भरू लागली. विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, इंजिन क्रमांक, रंग. एका ओळीपाशी ती थांबली.

"काका, किलोमीटर किती लिवू?"

"मीटरवर हायेत ते लिवा."

तिनं पेन खाली ठेवला. वही उलटी करून पालथी ठेवली, आतला आकडा दिसणार नाही अशी. प्रयोगशाळेत दोघांनी एकच गोष्ट मोजायची असेल तर एकानं दुसऱ्याला आपला आकडा आधी सांगायचा नसतो.

"मले भांडाचं नाई काका. गाडी घेणार म्हटलं ना, घेणार. पण पट्टा बदलाचा तं मले खरा आकडा लागते. मीटरवरून तो समजत नाई."

हरिसिंगनं रवीकडे पाहिलं. रवी टपावरच्या कोंबडीकडे पाहत होता. मग हरिसिंगनं दाराकडे पाहिलं. रामीबाई तिथं कपबशा विसळत होती आणि तिनं वर पाहिलं नाही.

"तू फिरवली हिले कुंपणाले?" त्यानं तिला विचारलं.

"तिनं इचारलं तेल कुठी टाकता. मी दाखवलं."

हरिसिंग गुडघे चोळू लागला.

"मीटर खोटं नाई," शेवटी तो म्हणाला. "ते दुसऱ्या गाडीचं खरं हाये."



मग त्यानं सांगितलं. लाकडाऊनच्या दोन वर्षांनंतर मीटरचा सगळा फलकच आंधळा झाला, काटे पडले. नवा मागवायचा तर गाडीच्या निम्म्या किमतीचा. तेव्हा एकानं भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा फलक आणून बसवला. त्याच्यावर त्या गाडीचे किलोमीटर होते, आणि गाडी पुढं तिथून मोजत गेली. फसवायचं म्हणून केलं नव्हतं. पण विकायला काढली तेव्हा पहिल्या तीन गिऱ्हाइकांना त्यानं खरं सांगून पाहिलं. तीन लाख किलोमीटर म्हटलं की ते बॉनेटसुद्धा न उघडता फटफटीला किक मारायचे. चौथ्याच्या वेळी त्यानं सर्व्हिस बुक चुलीत घातलं. लग्नाचं नंतर सुचलं.

"चौथा कोण?" रवीनं विचारलं.

"तुमीच."

रवी हसला. हरिसिंगला हसू आलं नाही. भाव आता पाडाल, असं तो म्हणाला, पाडा, माझं म्हणणं नाही. भावाचं रवीशी बोला, मला त्यातलं कळत नाही, असं पल्लवीनं सांगितलं आणि पेन पुन्हा उचलला.

"पण आकडा तं जळला असन ना, पुस्तकासंगं?"

"मुकादमाचा आकडा जळत नसते पोरी." म्याडम म्हणायचं तो विसरला होता. "दीडशे कोयत्यांची हजेरी मी वीस वर्सं तोंडपाठ ठेवली. लिव."

त्यानं डोळे मिटले आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागला. जुना फलक काढला तेव्हा त्याच्यावर दोन लाख त्र्याऐंशी हजार होते. नवा बसवला तो बेचाळीस हजार पाचशेवर. आज एक लाख बारा हजार सहाशे चाळीस. ओठ हलत राहिले. रामीबाईनं कपबशी हातात तशीच धरली होती.

"तीन लाख त्रेपन्न हजार एकशे चाळीस," तो म्हणाला आणि डोळे उघडले.

पल्लवीनं कागदावर तो आकडा लिहिला, अंकात आणि अक्षरात. त्याला सही करायला पेन दिला. सही होईपर्यंत तिनं वही सुलटी केली, आपलं पान काढलं, तीन लाख पंचावन्न हजारांच्या खाली त्याचा आकडा मांडला आणि वजाबाकी केली.

फरक एक हजार आठशे साठ किलोमीटरचा होता.